माळरानावरील ससा आणि चंडोल : मराठी प्रतिमासृष्टी आणि प्रत्यक्ष निसर्ग यांचा तौलनिक विचार

सारांश :

ससा आणि चंडोल हे मराठवाड्याच्या माळरानावर शेजारी नांदणारे दोन जीव आहेत. मराठी वाचकाच्या मनात मात्र त्यांची स्थाने परस्परांपासून फार दूर आहेत. ससा म्हणजे भित्रेपणा आणि मौन, तर चंडोल म्हणजे मुक्त गान आणि उंच भरारी, असे समीकरण शालेय बोधकथा व महाविद्यालयीन काव्याध्ययन यांतून रूढ झाले आहे. प्रस्तुत निबंधात या समीकरणाचा उगम तपासला असून ते या भूमीतील प्राण्यांच्या निरीक्षणातून आलेले नाही, असे प्रतिपादन केले आहे. याउलट लोकभाषेतील 'ससेहोलपट' आणि 'डोंबारी' हे शब्द प्रत्यक्षाच्या अधिक जवळ जातात. दोन्ही जीवांच्या जगण्याचा पाया एकच आहे. तो म्हणजे उघड्या जमिनीवर, आडोशाविना, दृष्टीस न पडता राहणे. हा पाया ज्या भूमीवर उभा आहे, तिला महसुली व नियोजनाच्या भाषेत 'पडीक' म्हटले जाते. प्रतिमेची चूक आणि जमिनीच्या नावाची चूक यांचा परस्परसंबंध दाखवणे हे या निबंधाचे प्रयोजन आहे.

बीजसंज्ञा : ससा, चंडोल, डोंबारी, माळरान, प्रतिमा, पडीक जमीन, निसर्गलेखन.

प्रस्तावना :

साहित्यात प्राणी आणि पक्षी क्वचितच केवळ प्राणी आणि पक्षी म्हणून येतात. चातक तहानेचा, चकोर ध्यासाचा, राजहंस विवेकाचा, तर कोकिळ वसंताचा वाहक होतो. ही संकेतव्यवस्था संस्कृत काव्यपरंपरेतून मराठीत आली, संतकाव्याने ती लोकांपर्यंत नेली आणि आधुनिक काळात इंग्रजी शिक्षणाने तिच्यात नवी भर घातली. संकेत वाईट नसतो, त्याच्यामुळे कवीला थोड्या शब्दांत बरेच काही सांगता येते. परंतु संकेत जेव्हा निरीक्षणाची जागा घेतो, तेव्हा समोर असलेला जीव दिसेनासा होतो.

ससा आणि चंडोल यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. एक सस्तन प्राणी, दुसरा गाणारा पक्षी. एक मुका समजला जाणारा, दुसरा केवळ आवाजासाठी ओळखला जाणारा. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात दोघांचा जवळचा संबंध नाही. तरीही त्यांची राहण्याची जागा एक आहे आणि त्या जागेने त्यांच्यावर घातलेल्या अटीही बऱ्याच अंशी सारख्या आहेत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील माळ हे या तुलनेचे क्षेत्र म्हणून येथे स्वीकारले आहे.

तुलनेचे क्षेत्र : मराठवाड्याचे माळरान

छत्रपती संभाजीनगर जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पठारावर वसलेला आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर असून तो पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जेथे मातीचा थर पातळ आहे, तेथे घनदाट अरण्य वाढत नाही. कुसळी, मारवेल, पवन्या यांसारखी गवते, मधूनच बोर, बाभूळ, हिवर आणि उघडा मुरूम असे त्या जमिनीचे रूप असते. पावसाळ्यात हिरवी, दिवाळीनंतर पिवळी आणि उन्हाळ्यात राखी तांबूस दिसणारी ही भूमी म्हणजे उद्ध्वस्त झालेले जंगल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती नेहमीच खरी नाही. कमी पाऊस, उथळ माती, चराई आणि वणवा यांच्या परस्परक्रियेतून घडलेली ही एक स्वतंत्र परिसंस्था आहे.

या माळावर आढळणारा ससा म्हणजे भारतीय ससा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस असे असून 'काळ्या मानेचा' हा त्याचा अर्थ आहे. मानेच्या मागील काळ्या ठिपक्यावरून फ्रेडरिक क्युव्हिए यांनी १८२३ मध्ये त्याला हे नाव दिले. चंडोल हे मराठीत एका पक्ष्याचे नसून एका कुळाचे नाव आहे. या निबंधाच्या संदर्भात त्या कुळातील दोन पक्षी महत्त्वाचे आहेत. पहिला, डोक्यावर छोटा तुरा असलेला तांबूस रंगाचा साइक्सचा चंडोल, म्हणजे गॅलेरिडा देवा. दुसरा, चिमणीएवढा, राखी माथ्याचा आणि काळ्या पोटाचा डोंबारी, म्हणजे एरेमोप्टेरिक्स ग्रिसियस. साइक्सचा चंडोल भारताबाहेर आढळत नाही.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी दख्खनमधील सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या याद्या १८३१–३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की, साइक्स यांनी अनेक ठिकाणी प्राण्यांची मराठी नावेही नोंदवली. रानकुत्र्याचे 'कोळसून' हे नाव त्यांच्यामुळे प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत गेले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९३१–३२ मध्ये सलीम अली (१८९६–१९८७) यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. औरंगाबाद तेव्हा त्या संस्थानाचा भाग होते. शहरातील एका सरोवराला आज सलीम अलींचे नाव आहे. तथापि पक्षी म्हटले की पाणी आणि झाड हेच डोळ्यांपुढे येते. गवतात राहणाऱ्या पक्ष्याची आठवण होण्यासाठी वेगळी सवय लागते.

ससा : दोन परंपरा

भारतीय कथासाहित्यातील ससा मुळात भित्रा नाही. पंचतंत्रात तो सिंहाला विहिरीतील प्रतिबिंब दाखवून त्याचा नाश करतो. त्याच ग्रंथात दुसरा एक ससा चंद्राचा दूत होऊन हत्तींच्या कळपाला सरोवरापासून दूर घालवतो. जातककथांमध्ये शशजातक आहे. त्यातील ससा अतिथीला देण्यासारखे काही नाही म्हणून स्वतःचा देह अग्नीला अर्पण करतो आणि त्याच्या दानाची खूण म्हणून चंद्रावर त्याची आकृती उमटते. चंद्राची शशी, शशांक, शशधर ही नावे या कल्पनेशी निगडित आहेत. तर्कशास्त्राने सशाचे शिंग, म्हणजे शशशृंग, हे असंभवाचे उदाहरण म्हणून निवडले. बुद्धी, दान, चंद्र आणि असंभव असा या प्राण्याचा जुना अर्थविस्तार आहे.

घाबरणारा ससाही या परंपरेत आहे, हे मान्य केले पाहिजे. दद्दभ जातकातील ससा झाडाखाली पडून असताना ताडाच्या पानावर बेलफळ पडल्याचा आवाज ऐकतो, पृथ्वी दुभंगली असे समजून पळत सुटतो आणि सारे अरण्य त्याच्या मागे धावू लागते. 'आभाळ पडले, पळा पळा' ही मराठी घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट याच कथाबीजाची आहे. मात्र जातकाचा रोख सशाच्या भीतीपेक्षा इतरांच्या अविचारावर अधिक आहे. तेथील सिंह, म्हणजे बोधिसत्त्व, पळणाऱ्यांना थांबवतो, सशाला घेऊन मूळ जागी जातो आणि पडलेले फळ दाखवतो. ऐकीव वार्तेची शहानिशा करावी, हा त्या कथेचा बोध होय. शालेय पुनर्कथनात सिंहाची चौकशी हळूहळू गळून गेली आणि 'भित्रा ससा' तेवढा उरला.

दुसरी परंपरा इसापाची. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या 'इसपनीतिकथा' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि मुद्रित पाठ्यपुस्तकांच्या युगात इसापाचा ससा मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. कासवाशी शर्यत लावून झोपी जाणारा, वेगाचा गर्व करणारा हा ससा पंचतंत्रातील सशाहून निराळा आहे. मूळ कथेतील प्राणी युरोपीय माळांवरचा असून त्याच्यावर लादलेला स्वभावही त्या कथेच्या गरजेतून आलेला आहे. दोन शतकांच्या पाठांतरानंतर आज मराठी विद्यार्थ्याला ससा म्हटले की गर्व आणि भीती हेच दोन गुण प्रथम आठवतात. सिंहाला हरवणारा ससा त्याला माहीत असतो, पण तो अपवाद म्हणून.

येथे लोकभाषेकडे वळणे आवश्यक ठरते. 'ससेहोलपट' हा शब्द सशाच्या स्वभावाविषयी काहीच सांगत नाही, तो सशावर आलेल्या प्रसंगाविषयी सांगतो. चहूबाजूंनी हाकारा, पुढे लावलेली वाघूर, मागे कुत्री आणि मध्ये वाट शोधणारा जीव, असे दृश्य या एका शब्दात साठवलेले आहे. दुष्काळात गाव सोडणाऱ्या कुटुंबाची ससेहोलपट झाली, असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा तो त्या कुटुंबाला भित्रे म्हणत नसतो. दोष पळणाऱ्याचा नसून पळायला लावणाऱ्या परिस्थितीचा आहे, हा न्याय त्या शब्दातच आहे. (याच शब्दाच्या जवळचा वाटणारा 'ससेमिरा' मात्र सशापासून आलेला नाही. सिंहासनबत्तिशीच्या कथाचक्रात वेड लागलेला राजपुत्र 'स, से, मि, रा' ही चार अक्षरे उच्चारत राहतो, त्यावरून तो रूढ झाला आहे.) शिकारीचा अनुभव असलेल्या समाजाने घडवलेला 'ससेहोलपट' हा शब्द बोधकथेपेक्षा अधिक न्याय्य आणि अधिक अचूक आहे.

चंडोल : दुसऱ्या आकाशातील पक्षी

संस्कृत व जुन्या मराठी काव्यसंकेतांत चंडोलाला कोकिळ किंवा चातकासारखे स्थान नाही. सुशिक्षित मराठी वाचकाला या पक्ष्याची काव्यात्म ओळख प्रामुख्याने इंग्रजी काव्यातून झाली. शेली यांची स्कायलार्क पक्ष्यावरील कविता १८२० मधील आहे. वर्ड्‌स्वर्थ यांनीही या पक्ष्यावर कविता लिहिल्या. भारतीय विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांत या कविता पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या आणि 'स्कायलार्क म्हणजे चंडोल' असे भाषांतर वर्गावर्गांतून रूढ झाले. त्यासोबत उंच आकाशात दिसेनासा होणारा, पृथ्वीचा स्पर्श नको असलेला, अशरीरी गायक ही प्रतिमाही आली.

कुळ एकच असल्याने हे भाषांतर चूक म्हणता येत नाही. परंतु शेलींचा पक्षी अलाउडा अर्वेन्सिस हा आहे आणि मराठवाड्याच्या माळावर सहज भेटणारे साइक्सचा चंडोल व डोंबारी हे त्याहून वेगळे पक्षी आहेत. युरोपीय स्कायलार्क गात गात वर चढतो आणि दीर्घकाळ उंचावर राहून गातो. डोंबारी नराचे उड्डाण निराळे असते. तो पंख फडफडवत वर जातो, पंख मिटून दगडासारखा खाली झेप घेतो, त्याच वेळी लांबलेली शीळ घालतो, जमीन जवळ येताच त्याच वेगाचा उपयोग करून पुन्हा वर उसळतो आणि असे अनेकदा केल्यावर एखाद्या ढेकळावर उतरतो. त्याच्या गाण्याचा उत्कर्षबिंदू चढण्यात नाही, पडण्यात आहे.

मराठी लोकांनी त्याला 'डोंबारी' म्हटले, ही नोंद साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने मोलाची आहे. डोंबारी म्हणजे गावोगाव दोरीवर, बांबूवर कसरती करून पोट भरणारा. त्याची उंची ही मुक्ती नसते, ती उपजीविका असते. तो दर वेळी खाली येतो आणि खाली येण्याचे कौशल्य हेच त्याचे कौशल्य असते. नर डोंबारीचे उड्डाणही प्रणयाराधनासाठी आणि आपले क्षेत्र राखण्यासाठी असते. आकाशात विरून जाण्यासाठी ते नसते. शेलींच्या प्रतिमेत पक्षी पृथ्वीपासून सुटतो, मराठी नावात तो पृथ्वीशी बांधलेला राहतो. या भूमीतील पक्ष्यापुरते पाहिल्यास नाव देणाऱ्या अज्ञात निरीक्षकाने अधिक अचूक पाहिले, असे म्हणावे लागते.

साइक्सच्या चंडोलाबाबत आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. त्याच्या गाण्यात इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला असतात. स्वच्छंदतावादी काव्यविचाराला स्वयंस्फूर्त, मूळ गायक हवा होता. या माळावरील गायक ऐकलेले आवाज आपल्या गाण्यात गुंफतो. पारंपरिक आवाजांची पुनर्रचना करणारा कलावंत अशी प्रतिमा हवी असेल, तर तीही येथे उपलब्ध आहे. ती कोणी घेतली नाही, कारण पक्षी पाहण्याआधी कविता वाचली गेली होती.

या गाण्याची किंमतही या कुळाला चुकवावी लागली. उत्तर भारतात चंडोल पिंजऱ्यात पाळण्याची जुनी प्रथा होती. ससा मांसासाठी वाघुरीत सापडला, चंडोल आवाजासाठी पिंजऱ्यात. एकाचे मौन त्याला वाचवू शकले नाही आणि दुसऱ्याचे गाणेही.

जीवनक्रमातील साम्य आणि भेद

आता प्रतिमा बाजूला ठेवून दोघांचा जीवनक्रम पाहावा. ससा बीळ करत नाही. दिवसा तो गवतात किंवा झुडपाखाली उथळ खळगीत अंग मुडपून, कान पाठीला टेकवून बसतो आणि संध्याकाळनंतर चरायला बाहेर पडतो. चंडोलही झाडावर घरटे करत नाही. ढेकळाच्या किंवा गवताच्या झुपक्याच्या आडोशाला जमिनीवरील खळगीत गवताच्या काड्या घालून तो अंडी घालतो. दोघांचेही घर म्हणजे जमिनीतील वीतभर खोलगट जागा. दोघांच्याही शत्रूंत कोल्हा, खोकड, मुंगूस आणि शिकारी पक्षी आहेत. दोघांचेही पहिले संरक्षण म्हणजे मातीशी मिळून जाणारा रंग आणि निश्चलता.

'भित्रा' या विशेषणाची परीक्षा येथेच होते. माळावरून चालणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत ससा हलत नाही. पाऊल जवळजवळ अंगावर पडण्याच्या बेतात असताना तो उसळी घेतो आणि वळणे घेत धावतो. ही घाबरट प्राण्याची वागणूक नाही. धोका मोजून, शेवटच्या क्षणापर्यंत स्थिर राहण्याची ती पद्धत आहे. घरट्यावर बसलेली डोंबारी मादीही रंगावर विसंबून अशीच दबून बसते.

दोघांतील महत्त्वाचा भेद पिल्लांच्या जन्मात दिसतो. सशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि थोड्याच वेळात हालचाल करू लागतात. चंडोलाची पिल्ले अंध आणि दुबळी जन्मतात व त्यांना काही दिवस आईबापांनी भरवावे लागते. तथापि चंडोलाची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडून गवतात पांगतात. जमिनीवरील घरट्यात अधिक काळ एकत्र राहणे धोक्याचे असते. म्हणजे आरंभ भिन्न असूनही, लवकर पांगा आणि दडून राहा, हाच माळाचा नियम दोन्ही पिल्लांना पाळावा लागतो.

सर्वांत मोठा भेद आवाजाचा मानला जातो. तोही तपासून पाहावा लागतो. ससा सहसा आवाज करत नाही, परंतु पकडला गेला असता तो तीव्र किंकाळी फोडतो. चंडोलाचे गाणे प्रामुख्याने नराचे आणि विणीच्या हंगामाशी निगडित असते. डोंबारी पक्ष्यात नर आणि मादी यांचा रंगही वेगळा असतो. मादी मातकट तपकिरी, चिमणीसारखी, सहज नजरेतून सुटणारी असते. अंडी उबवण्यात नर सहभागी होतो, तरी गाण्याचे श्रेय आणि कवितेतील जागा मात्र त्याच्या उड्डाणालाच मिळते. म्हणजे 'मूक ससा आणि गाणारा पक्षी' ही तुलना वस्तुतः एका प्राण्याची आणि दुसऱ्या जातीतील केवळ नराची, तीही काही महिन्यांपुरती, तुलना आहे. मादी चंडोलाचे वर्षभराचे जगणे आणि सशाचे जगणे शेजारी ठेवल्यास भेद फारच थोडा उरतो. साहित्याने आवाजाला महत्त्व दिले आणि आवाज न करणाऱ्या अर्ध्या जातीला विसरले. मराठी समीक्षेने स्त्रियांच्या लेखनासंदर्भात मौनाचा प्रश्न गांभीर्याने घेतला आहे, निसर्गप्रतिमांच्या संदर्भातही तो विचारला जाण्यास हरकत नसावी.

मराठी निसर्गलेखन आणि माळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी निसर्गलेखन संकेताकडून निरीक्षणाकडे वळले. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या 'सत्तांतर' या वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील प्रदीर्घ अनुभवातून लेखन केले, पक्ष्यांच्या मराठी नावांचा कोश सिद्ध केला आणि २००६ मध्ये सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. या दोघांनी मराठी वाचकाला प्राणी हा प्राणी म्हणून पाहायला शिकवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

असे असले तरी या वळणाचा लाभ अरण्य आणि जलाशय यांना अधिक झाला. माडगूळकरांच्या माणदेशी लेखनात माळ सतत उपस्थित आहे, परंतु एकंदर मराठी निसर्गलेखनाची कल्पनासृष्टी दाट जंगल, वाघ, तळे आणि पाणपक्षी यांच्याभोवती अधिक फिरते. मराठवाड्यातील संरक्षित क्षेत्रांची रचनाही यास पूरक आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांतील गौताळा औट्रम घाट अभयारण्य आणि नाथसागरावरील जायकवाडी पक्षी अभयारण्य ही दोन्ही १९८६ मध्ये घोषित झाली. पहिले मुख्यतः डोंगरउतारावरील वनासाठी, तर दुसरे पाण्यासाठी ओळखले जाते. साध्या माळाला अशी ओळख क्वचितच मिळते.

'पडीक' या शब्दाचे राजकारण

जमिनीचे नाव तिचे भवितव्य ठरवते. केंद्र शासनाच्या ग्रामविकास मंत्रालयाने २००० मध्ये 'वेस्टलँड्स ॲटलास ऑफ इंडिया', म्हणजे भारतातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह, प्रथम प्रसिद्ध केला आणि त्यानंतर त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. त्यात झुडपी जमीन आणि निकृष्ट कुरणे यांची गणना पडीक जमिनीत होते. नोंद अशी झाली की, त्या जमिनीचा 'विकास' करणे हे पुण्यकर्म ठरते, मग तो वृक्षलागवडीने असो, सौर प्रकल्पाने असो, वा औद्योगिक वसाहतीने. माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणे हे पर्यावरणरक्षण समजले जाते. उघड्या जमिनीवर दूरवर पाहून धोका ओळखणाऱ्या सशाला आणि झाडावर घरटे न करणाऱ्या चंडोलाला त्या लागवडीचा उपयोग नसतो.

देशातील निमशुष्क प्रदेशांतील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचे उपग्रहांच्या साहाय्याने केलेले नकाशांकन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार अशा परिसंस्था देशाच्या भूभागाच्या सुमारे एकदशांश असून त्यांचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालानेही गवताळ प्रदेशावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांच्या घटीकडे लक्ष वेधले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस शेंद्रा व दक्षिणेस बिडकीन येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे आणि जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. या बदलांची आर्थिक आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, हिशेबात माळाची किंमत शून्य धरली गेली आहे काय?

कायद्याच्या दृष्टीने ससा आणि चंडोल यांचे नाते मजेशीर होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या चौथ्या अनुसूचीत दोघेही एकत्र होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची पुनर्रचना झाली. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार भारतीय ससा आणि हे दोन्ही चंडोल 'कमी चिंताजनक' गटात मोडतात. शिकारीपासून कायद्याने त्यांना वाचवले आहे, जमिनीचे नाव बदलण्यापासून मात्र नाही. जीवाला संरक्षण आणि त्याच्या जागेला 'पडीक' हे बिरुद, अशी ही विसंगती आहे.

येथे दुसरी बाजूही नोंदवणे न्याय्य ठरेल. मराठवाड्यातील गायरान आणि पडीक जमिनींचा प्रश्न हा भूमिहीनांच्या हक्काचाही प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी तो राष्ट्रीय पातळीवर नेला. ज्या कुटुंबाला माळावरील दोन एकरांतच सन्मानाने जगण्याची आशा दिसली, त्याला सशाच्या खळगीचा दाखला देणे क्रूरपणाचे होईल. मेंढपाळांची चराई आणि भूमिहीनांची कोरडवाहू शेती यांच्या आसपास ससा व चंडोल पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. सरसकट सपाटीकरण आणि सिमेंट यांच्यासोबत ते राहू शकत नाहीत. म्हणून माणूस विरुद्ध वन्यजीव अशी मांडणी येथे अपुरी पडते. 'पडीक' या शब्दाने माळावर जगणाऱ्या गरीब माणसाचा वापर आणि वन्यजीवांचा वापर हे दोन्ही एकाच फटक्यात अदृश्य केले आहेत.

एक संभाव्य आक्षेप

काव्यातील पक्षी हा प्राणिशास्त्राला बांधील नसतो, प्रतिमेला तिचे स्वायत्त जग असते, असा आक्षेप या विवेचनावर घेता येईल. तो तत्त्वतः मान्य आहे. शेलींच्या कवितेची थोरवी पक्ष्याच्या अचूकतेवर अवलंबून नाही आणि इसापाच्या कथेचा बोधही सशाच्या अभ्यासावर अवलंबून नाही. प्रस्तुत विवेचनाचा आक्षेप प्रतिमेवर नसून तिच्या एकाधिकारावर आहे. दुसऱ्या भूमीत घडलेली प्रतिमा जेव्हा येथील जीवाचे एकमेव वर्णन होऊन बसते, तेव्हा ती पाहण्याची गरजच संपवते. ज्याला पाहण्याची गरज उरली नाही, त्याच्या जागेबद्दल कोणी बोलत नाही. साहित्यिक दुर्लक्ष आणि महसुली दुर्लक्ष यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध झाला, असा दावा येथे नाही. दोन्हींच्या मुळाशी 'येथे काही नाही' हे एकच गृहीतक आहे, इतकेच दाखवायचे आहे.

निष्कर्ष :

१. 'भित्रा ससा' आणि 'मुक्त चंडोल' या प्रतिमा प्रामुख्याने बोधकथांच्या व इंग्रजी काव्याच्या अध्यापनातून दृढ झाल्या असून त्या दख्खनच्या माळावरील जीवांच्या निरीक्षणावर आधारित नाहीत.

२. पंचतंत्र आणि जातक यांतील ससा, तसेच 'ससेहोलपट' आणि 'डोंबारी' हे लोकभाषेतील शब्द, अधिक समृद्ध आणि अधिक अचूक पर्याय पुरवतात.

३. मौन आणि गान हा दोन जीवांतील मूलभूत भेद नाही. गान प्रामुख्याने नराचे व हंगामी आहे. निश्चलता, मातीचा रंग आणि उघडी जमीन हा दोघांचा समान आधार आहे.

४. माळरान ही रिकामी जमीन नसून जीवांनी आणि माणसांनी वापरात ठेवलेली परिसंस्था आहे. 'पडीक' या संज्ञेचा पुनर्विचार भाषेच्या अभ्यासकांनीही करावयास हवा.

पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाल्यापासून महाविद्यालयांत साहित्य आणि विज्ञान यांनी एकत्र येण्याची एक संधी निर्माण झाली आहे. स्कायलार्कवरील कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाने पावसाच्या आरंभी विद्यार्थ्यांना गावाबाहेरच्या माळावर नेले, तर डोंबारीची झेप त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल आणि कदाचित पायाजवळून उसळणारा ससाही. कविता त्यामुळे लहान होणार नाही. ज्या जमिनीवर उभे राहून ती समजून घेतली, त्या जमिनीला पडीक म्हणताना मात्र त्या विद्यार्थ्यांची जीभ अडखळेल आणि समीक्षेचे काम तेथूनच सुरू होईल.